मागे राहिलेलं पाडस

रविवार, २० ऑक्टोबर

पोचलो एकदाचे. ब्रिस्टलहून निघून दोन दिवस, मधली रात्र एडिनबराला नणंदेकडे, नतालीकडे. शेवटच्या चाळीस मैलांत माझ्या लेकीने, नोआने, खिडकीतून एकशे बारा मेंढ्या आणि एक माणूस मोजला. तो माणूसही मेंढ्यांना कंटाळलेला दिसत होता, असं तिचं म्हणणं. खूप दिवसांनी ती स्वतःच्याच विनोदावर हसली. ते ऐकून बरं वाटलं असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. बरं वाटायला हवं, एवढं कळलं.

घर दगडी आहे, दोन खोल्या वर, दोन खाली. मागे लार्डर, म्हणजे मारलेली हरणं टांगून ठेवायची थंड खोली. पुढे तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे डोंगर लगेच सुरू होतो. ग्लेन कॉराख ह्या अख्ख्या दरीत एवढी एकच वस्ती. नोआने डोंगराकडची खोली घेतली आणि अर्ध्या तासात तिथे मोज्यांचा पसारा केला.

इथला मुख्य शिकारी ॲलस्डर बटाट्याची पिशवी आणि अंडी घेऊन दारात उभा होता. बासष्ट वर्षांचा, ताठ, दाढी कापलेली, कान लाल. बाँबेचं थोडं ऊन आणलंत का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, ब्रिस्टलचं आणलं होतं, ते बर्मिंगहॅमपर्यंतच पुरलं. तो मोठ्याने हसला आणि नोआच्या हातात अंडी देऊन म्हणाला, की इथल्या बॉसबाई तुम्हीच दिसताय.

काम साधं आहे. ही जमीन ज्या ट्रस्टची, त्यांनी इथे बर्च आणि पाइनची झाडं लावलीत, ती हरणं खातात. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत साठ माद्या कमी करायच्या आहेत. "कमी करायच्या" हा ट्रस्टचा शब्द. मारायच्या आहेत. मी पशुवैद्य आहे. पंधरा वर्षं कत्तलखान्यात तपासणीचं काम केलं, बंदुकीचा परवाना आहे, हात कापत नाहीत. मुलाखतीत हे तिन्ही त्यांना आवडलं.

माझा नवरा सियोन गेल्यावर समुपदेशकबाईंनी ही सवय लावली: रोज काय वाटलं ते लिहा. दोन वर्षं मी काय घडलं तेच लिहिते आहे.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

आज ॲलस्डरबरोबर पहिला दिवस. वारा तोंडावर घेत, कोपरांवर सरपटत, हेदरच्या ओल्या झुडपांमधून दोन तास. त्याने एक वांझ हरणी दाखवली, मी एका गोळीत पाडली. त्याने फक्त मान हलवली. इथे बहुधा ही मोठी शाबासकी.

पोट साफ करताना त्याने नियम सांगितला. हरणीबरोबर पाडस असेल तर आधी आई, मग लगेच पाडस. पाडस पळून जात नाही. चाळीस पावलं जातं, परत येतं आणि आईजवळ उभं राहतं. तेव्हा दुसरी गोळी. मागे ठेवलं तर ते हिवाळ्यात उपाशी मरतं. पशुवैद्य म्हणून मला हे मान्यच आहे. पण त्याचा आवाज एकदम बदलला होता. म्हणाला, चुकलेला नेम मी माफ करतो, उशिरा येणं माफ करतो, चहात दूध न घालणंही माफ करीन एक वेळ. मागे ठेवलेलं पाडस माफ करत नाही. ह्या ग्लेनमध्ये तर नाहीच.

आमच्याकडचा नियम ह्याच्या बरोबर उलटा. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. माझे आजोबा रेवदंड्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हज्जान, गावातली जनावरं तेच कापायचे. आई आणि तिचं पिल्लू एका दिवशी कापायचं नाही. बाजारातून बकरी आणली की ते आधी विचारायचे, हिचं करडू कुणी नेलं, आज तर नाही ना कापणार? हा नियम रानातल्या जनावरांना लागू नाही, हेही त्यांनीच सांगितलेलं मला आठवतं. म्हणजे प्रश्न उरत नाही. तरी लिहून ठेवते.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

ॲलस्डर दाढ काढायला इन्व्हर्नेसला गेला, म्हणून मी एकटी गेले.

दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी मोठ्या खडकाखाली एक हरणी मारली. तिच्यामागे पाडस होतं, ते मला गोळी झाडण्याआधीच दिसलं होतं. हे स्पष्ट लिहिते, म्हणजे पुढे मला पळवाट राहणार नाही. ते पळालं, परत आलं, आईजवळ उभं राहिलं. मी दुसरी गोळी भरली होती. नेम धरला होता. सात मिनिटं तशीच पडून होते.

मग स्वतःला सांगितलं, एका दिवशी दोघं नको. हे उद्या.

कत्तलखान्यात रोज आया आणि पिल्लं माझ्या डोळ्यांसमोरून गेली असतील, तेव्हा आजोबा आठवले नाहीत. तिथे माझा हात नव्हता, एवढंच. आणि खरं कारण नियम नसेलही. ते पाडस ज्या तऱ्हेने उभं होतं, तशी नोआ सियोनच्या दफनाच्या दिवशी उभी होती. पाय जुळवून, कुणाकडेच न बघता.

मी जवळ गेले तरी ते हललं नाही. त्याच्या समोरच पोट साफ केलं. कास डोंगरावरच काढून टाकायची पद्धत आहे. ती कापली तेव्हा हातमोज्यांवर दूध आलं. कोमट होतं. कास हेदरखाली पुरली. संध्याकाळी ॲलस्डर सुजलेला गाल घेऊन आला. पाडस होतं का, विचारलं. मी नाही म्हटलं. वांझ होती.

खोटं बोलताना काही वाटलं नाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर

उजाडताच पाडस मारायला गेले. नव्हतं. दोन तास दुर्बिणीने सगळी दरी पाहिली.

हरणीचं पोटातलं तिथेच पडलेलं होतं. एका रात्रीत कावळे, कोल्हे, गरुड असं काहीच ठेवत नाहीत. मंगळवारची जागा तर दुसऱ्या दिवशी धुतल्यासारखी होती. इथे एक चोचही लागलेली नव्हती. भोवतीचं गवत मात्र दबलेलं होतं. कुणीतरी रात्रभर एकाच जागी उभं राहिलं असावं.

कास पुरली होती ती जागा उकरलेली होती. खड्डा रिकामा.

रविवार, २७ ऑक्टोबर

आज घड्याळं एक तास मागे गेली. सकाळी नोआने मला हाक मारून उठवलं, म्हणाली, आई, कम क्विक, बाहेर एक बेबी हरीण उभा आहे, तो ब्लिंकपण करत नाही.

कुंपणापलीकडे, तारेला नाक लावून. तेच. उजव्या कानाला चीर आहे, ती मी शुक्रवारी नेमाच्या काचेतून सात मिनिटं पाहिली होती.

नोआने सफरचंद कापून नेलं, बोबडं बोलली, आपल्या शाळेतल्या दोन मुलींची निंदा त्याला ऐकवली. त्याने सफरचंद हुंगलंसुद्धा नाही. ते तिच्याकडे बघतच नव्हतं. ते माझ्याकडे बघत होतं. मी जेवणघरात गेले तर मान जेवणघराकडे, वर गेले तर वर. नोआ म्हणाली, ही इज इन लव्ह विथ यू, आई. नाव ठेवू या का त्याचं? मी ओरडले. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्यावर ओरडले असेन.

तिच्यासमोर गोळी घालता येईना.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

नोआला शाळेच्या बसमध्ये बसवलं, परत आले, ऐंशी पावलांवरून गोळी घातली. ते खाली पडलं. हृदयातून गोळी आरपार.

रक्त जेमतेम वाटीभर. पोट उघडलं. चारही कप्पे कोरडे, आतून कागदासारखे. चार दिवस उपाशी राहिलेल्या जनावराचं पोट असं नसतं. मी हजारो पाहिलीत. असं पोट कधीच काही न खाल्लेल्याचं असेल, पण तसं जनावर उभं राहू शकत नाही.

लार्डरमध्ये टांगलं, खुणेचा बिल्ला लावला. ॲलस्डरला सांगितलं, लंगडं, अनाथ सापडलं. त्याने चीर असलेला कान बोटांत धरला आणि माझ्याकडे बघितलं. हे तुमचं का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने आज एकही विनोद केला नाही.

बुधवार, ३० ऑक्टोबर

पाडस कुंपणाशी उभं आहे. उजव्या कानाला चीर.

लार्डरमध्ये जाऊन पाहिलं. कालचं तिथेच टांगलेलं आहे, बिल्ला आहे, उजव्या कानाला चीर आहे. तीन वेळा आत-बाहेर केलं. घाई करून निष्कर्ष काढायचा नाही म्हणून दोन्हींचे फोटो काढले. फोटोतही दोन्ही आहेत.

भीती वाटायला हवी. छातीवर हात ठेवून पाहिला, नाडी चौसष्ट.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

हे लिहू की नको, ह्यात सकाळ गेली. लिहिते.

काल संध्याकाळी कुंपणालगतच्या स्वयंपाकघरात नोआच्या डब्याची पोळी लाटताना टीशर्ट ओला लागला. वाटलं, नळाचं पाणी. दोन्ही बाजूंनी, सारखं. मी पंचेचाळीस वर्षांची आहे. नोआ अकराची आहे. मी थोडं काचेच्या बशीत घेतलं आणि खिडकीपाशी नेऊन पाहिलं. दूध आहे. अशी औषधं असतात, असे आजार असतात, मेंदूतली एक गाठही असते, हे सगळं मला माहीत आहे. गावातल्या दवाखान्यात सोमवारची वेळ घेतली.

पण मी जेव्हा कुंपणाजवळ जाते तेव्हाच येतं. दहा पावलांवर सुरू होतं. मोजलं.

आणि तेवढ्यापुरतं छातीत काहीतरी हलतं. दोन वर्षांत जे कशानेच हललं नव्हतं.

शनिवार, २ नोव्हेंबर

ॲलस्डरला जाऊन सगळं सांगितलं. सगळं नाही. शुक्रवारचं पाडस, खोटं, कान, लार्डर, एवढं सांगितलं. दुधाचं सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून असं म्हणेन. पण लाज वाटल्याचंही आठवत नाही.

तो चिडला नाही. किटली ठेवली, ती शिटी वाजून थांबली तरी चहा केला नाही. मग म्हणाला, आम्ही राहतो त्याच घरात तो जन्मला. त्याचा बाप इथला शिकारी. १९७१ साली बर्फाचं वादळ आलं म्हणून बापाने एक पाडस मागे ठेवलं. ते कुंपणाशी येऊन उभं राहिलं. बापाने ते तीनदा मारलं. पाडसाला बापाशी कर्तव्य नव्हतंच, त्याला आई हवी होती. घरात एकच आई होती, ॲलस्डरची. डिसेंबरमध्ये ती कपडे वाळत घालायला बाहेर गेली ती परत आली नाही. मार्चमध्ये वरच्या कड्याखाली सापडली. जिवंत, गुटगुटीत, गालांवर लाली. पुढे बावीस वर्षं इन्व्हर्नेसच्या इस्पितळात होती. तो दर रविवारी जायचा. ती फार प्रेमळपणे विचारायची, बाळ, तू कोणाचा?

आई हरवली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. म्हणाला, पोरीला घेऊन जा. आजच. दूध यायच्या आधी जा.

मी हो म्हटलं. हे तिसरं खोटं.

सोमवार, ४ नोव्हेंबर

काल जायचं ठरवलं होतं. बोटं इतकी बधिर होती की गाडीची किल्ली फिरेना. आज ॲलस्डरने लेर्गच्या स्टेशनवर सोडलं. इन्व्हर्नेसला नताली घ्यायला येणार होती. नोआ खूश. एडिनबराला पोचल्यावर कुठला पिझ्झा, ते तिने स्टेशनवरच ठरवलं होतं.

गाडीत बसलो. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिच्या केसांना शाम्पूचा वास होता, एवढं आठवतं. छाती दगडासारखी भरून आली होती. आर्डगेला गाडी थांबली. मी उठले. तिने विचारलं, आई, व्हेअर आर यू गोइंग? मी काहीतरी म्हटलं. खाली उतरले. दार बंद झालं.

काचेला तिचे दोन्ही तळहात होते. तोंड उघडंच. आवाज येत नव्हता.

मला काही वाटलं नाही. हे मी तीन वेळा खोडून पुन्हा लिहिलं. काही वाटलं नाही.

मग एका मेंढपाळाच्या गाडीतून अर्धी वाट, उरलेली चालत. पाडस कुंपणाच्या आतल्या बाजूला उभं होतं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

नतालीचे फोन. एकवीस. बाविसावा घेतला. गार्डने नोआला जपून आणलं, ती बोलत नाही, खात नाही, दाराकडे तोंड करून उभी आहे. वहिनी, यू लेफ्ट हर ऑन अ ट्रेन, म्हणाली. शी इज सियोन्स चाइल्ड. तुझं डोकं फिरलंय का? मग रडायला लागली. म्हणाली, बरं नसेल तर तसं सांग ना, मी येते, आम्ही दोघी येतो.

येऊ नका म्हटलं. निक्षून म्हटलं. नोआला इकडे आणू नकोस, काही झालं तरी आणू नकोस. एवढं एक मी नीट केलं. हे इथे लिहून ठेवते.

फोन ठेवल्यावर आठवेना की नतालीने कोणाबद्दल विचारलं होतं. मागचं पान वाचलं, मग आठवलं.

बुधवार

वाचायला सोपं जावं म्हणून:

नोआ. माझी मुलगी. वय अकरा. डाव्या गुडघ्यावर सायकलचा व्रण. वांगी खात नाही. बाप सियोन, गेला. एडिनबराला आहे. इथे आणायची नाही.

सकाळी हे मोठ्याने वाचते. व्रण कुठला, ते वाचेपर्यंत सांगता आलं नाही.

आज पाडस प्यायलं. स्वयंपाकघराच्या दारात. जीभ खरखरीत, पण दुखत नाही. उलट — कसं लिहू. थंड हात गरम पाण्यात घातल्यावर मुंग्या येतात तसं. सगळ्या अंगात. मी रडले. किती वेळ, कळलं नाही. किती बरं वाटलं.

त्याच्या पोटात काही गेलं. पहिल्यांदाच.

गुरुवार असेल

ॲलस्डर आला होता. दारात बंदूक घेऊन उभा. गोळी घातली नाही. माझ्या कपड्यांकडे पाहिलं आणि त्याची मान खाली गेली. म्हणाला, फोन केलाय, तुमची माणसं येताहेत. मी विचारलं, कोण? त्याने एक नाव घेतलं.

सुंदर नाव आहे. लहानसं.

यादी वाचली. गुडघ्यावर व्रण — कोणाच्या —

घरात फार उकडत होतं. आम्ही वर आलो. खडकाच्या आडोशाला. वारा लागत नाही. वही आणली. का आणली ते —

नंतर

उजेड आहे. हेदर ओलं. पायांना थंडी वाजत नाही आता, हातांनाही नाही, सगळी ऊब छातीत.

खाली गाडी थांबली. एक बाई बाहेर, हात हलवतेय. तो म्हातारा तिला धरून ठेवतोय. एक मुलगी सुटली त्यांच्यातून, सरळ चढावर येतेय. पडते, उठते. गुडघे फुटले असतील.

हाक मारतेय. एकच शब्द, परत परत. आवाज बसलाय तिचा. तो शब्द ओळखीचा —

जवळ आली. आता थांबली. दहा-बारा पावलांवर. पाय जुळवून उभी. जॅकेट नाही अंगात, ओठ निळे. लहान आहे हो. कोणाची आहे, एवढ्या थंडीत एकटी सोडली — कोणीतरी उठून तिला घरी न्यायला हवं. मीच उठले असते, पण ह्याचं अजून पिऊन —